हायवेपलीकडची शाळा

ग्रामपंचायतीची मेंबर होऊन तुला काय मिळालं, असं माहेरची माणसं विचारतात. मी सांगते, किस्से मिळाले. खुर्ची मोडकी, डोक्यावरचा पंखा बंद, पण किस्से असे जमतात की एक सांगायला घ्यावा तर मागे दुसरा उभाच. त्यातून माझ्याकडे बालकल्याण समिती. गावातली अंगणवाडी आणि शाळा नीट चालते का ते बघायचं काम. समितीत नावं बरीच आहेत, धड येतो मात्र दोघीच. एक मी, दुसरी अध्यक्ष जेठीवहिनी. तिचं शिक्षण चौथीपर्यंत, आणि साहेब लोकांची भीती तिला माझ्या आठवणीत तरी कधी वाटलेली नाही.

आमचा पाडा तलासरीच्या बाजूला, हायवेपासून आत, चढावर. हे आधीच सांगून ठेवते.

*

सुरुवातीला ग्रामसेवक भाऊसाहेब सभा घ्यायचेच नाहीत. रजिस्टर काखेत मारून घरोघर फिरायचे, बायकांनी चुलीसमोर बसल्या बसल्या सही करायची, झाली सभा! जेठीवहिनीकडे गेले तर ती शेतात. लावणीचे दिवस होते. भाऊसाहेब बांधावर उभे राहून म्हणाले, फक्त सही हवी.

वहिनी म्हणाली, वाचून दाखवा. त्यांनी वाचलं. सर्व सदस्य हजर होते, सविस्तर चर्चा झाली, विषय सर्वानुमते मंजूर. वहिनीनं हातातली रोपं काही खाली ठेवली नाहीत. वाकूनच विचारलं,

"चर्चेत मी काय बोलले?"

भाऊसाहेब रजिस्टरची पानं चाळायला लागले. मग तिनं सांगितलं, मी काय बोलले ते आठवलं की या, तोवर आमचं हे शेत उरकतं. पुढच्या महिन्यापासून सभा ऑफिसात भरायला लागली, तीही वेळेवर. भाऊसाहेब माणूस वाईट नाही, सवय वाईट होती.

*

अंगणवाडीत सुमनताई आहेत. त्यांना रोज मुलं खिचडी खातानाचा फोटो मोबाईलवरून पाठवावा लागतो, आणि तो जागेवरूनच पाठवायचा. आता आमच्या पाड्यात नेटवर्क कुठं? ते मिळतं वरच्या टेकाडावर, मोहाच्या झाडापाशी. सुमनताई पडल्या प्रामाणिक. त्या रोज सगळी पोरं, थाळ्या आणि खिचडीचं पातेलं घेऊन टेकाड चढायच्या. मुलं तिथं जेवायची, फोटो जायचा, वरात पुन्हा खाली यायची. महिनाभर हे चाललं आणि आम्हा दोघींना पत्ता नाही. ही आमचीच चूक, कबूल करते.

कळलं ते तालुक्याच्या पत्रावरून. मुले उघड्यावर का जेवतात, अंगणवाडीला इमारत नाही काय, खुलासा करा. सुमनताई रडायलाच लागल्या. वहिनीनं मला बसवलं आणि खुलासा सांगितला : "इमारत आहे. नेटवर्क नाही. फोटोत दोन्हीपैकी एकच येईल. कुठलं हवं ते कळवा."

मी म्हटलं, असं लिहितात का? ती म्हणाली, तू लिही, सही माझी आहे. उत्तर काही आलं नाही. पण तेव्हापासून मुलं खाली, छपराखाली बसून जेवतात.

*

आता खरा विषय. आमच्या पाड्यात चौथीपर्यंत शाळा आहे. एक वर्ग, एक ओटा आणि एक सर. सर समुद्रकाठच्या आगर गावचे, घरी मासेमारी, रोज तिकडून इतक्या लांब येतात. माझी रोशनी याच शाळेत पहिलीला आहे. आणि पत्र आलं की पट कमी आहे, सबब ही शाळा बंद करून मुलं मोठ्या शाळेत पाठवायची. मोठी शाळा हायवेच्या पलीकडे आहे.

पट कमी का? कारण मोजायला आले ते दिवाळीनंतर. दिवाळी झाली की आमची अर्धी घरं वीटभट्टीवर जातात आणि पोरंही आईबापाबरोबर. हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मोजणारे नेमके तेव्हाच आले आणि रिकामे बाक मोजून गेले. मला असा संताप आला की दोन दिवस मी घरात कुणाशी नीट बोलले नाही.

वहिनीनं टेम्पो ठरवला. आम्ही दोघी भिवंडीच्या अलीकडे भट्टीवर गेलो. तिथला मुकादम आडवा आला, मुलं न्यायला ऑर्डर आहे का विचारू लागला. वहिनी म्हणाली, "त्यांना इथं आणायला तुझ्याकडे होती का?" तो बाजूला झाला. आयांना आम्ही सांगितलं, पोरं शाळेतच राहतील, रात्रीचं जेवण आम्ही बघू. एक आई लेकीची वेणी घालत बसली ती घालतच बसली, सोडवेना. शेवटी सात मुलं घेऊन परत आलो. दोन म्हाताऱ्या स्वयंपाकाला आणि सोबतीला शाळेत झोपायला लागल्या.

*

मग पुन्हा मोजणी. या वेळी तालुक्याचे शिक्षणाचे साहेब स्वतः आले. वर्ग भरलेला बघून त्यांना संशय आला की मुलं शेजारच्या गावातून उसनी आणलीत. त्यांनी एका मुलीला उभं केलं. कुठं राहतेस? ती म्हणाली, शाळेत. दुसरीही म्हणाली, शाळेत. साहेब सरांकडे वळले, पढवून ठेवलंय वाटतं! सर बिचारे नोकरीवाले, मान खाली घालून उभे.

साहेबांनी तिसरीला विचारलं, आई कुठं आहे? भट्टीवर.

"मग घरी कोण आहे?"

"कुलूप."

साहेबांनी रजिस्टर पुढे ओढलं. पट पूर्ण लिहिला, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

*

आम्हाला वाटलं, जिंकलो. पंधरा दिवसांत दुसरं पत्र. पट ठीक आहे, परंतु मोठी शाळा एक किलोमीटरच्या आत असल्यामुळे निर्णय कायम. आम्ही दोघी तालुक्याला गेलो. साहेबांनी मोबाईलवर नकाशा काढून दाखवला, इथून इथं सरळ रेघ. तिकडे कॉम्प्युटर आहे, मैदान आहे, मुलांचंच भलं आहे. मी म्हटलं, साहेब, त्या रेघेत हायवे आहे. त्यावर ते म्हणाले, तिथं पादचारी पूल प्रस्तावित आहे.

"मग आम्ही मुलं पण प्रस्तावितच पाठवतो," वहिनी म्हणाली.

ऑफिसातला शिपाई हसला आणि लगेच बाहेर निघून गेला. साहेब चिडले. वहिनी उठली नाही. म्हणाली, तुम्ही एकदा शाळेच्या वेळेला मुलांबरोबर पायी चालून या, मग तुम्ही लिहाल तिथं मी सही करते. बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, अगं, सही करीन कशाला म्हणालीस? ती एसटी स्टँडकडे चालायला लागली.

*

साहेब आले. जीप पाड्यात ठेवून पायी निघाले. आम्ही दोनच मुली नेल्या, माझी रोशनी आणि वहिनीची नात. दुसऱ्याचं लेकरू त्या रस्त्यावर न्यायची माझी हिंमत नव्हती, आणि खरं सांगायचं तर माझंही न्यायची नव्हती. नातीचा हात सरांनी धरला. रोशनीचा हात साहेबांनी स्वतःहून धरला.

पहिली बाजू कशीबशी ओलांडली आणि डिव्हायडरवर अडकलो. गुजरातकडून कंटेनरची रांग सुरू झाली ती संपेना. वाऱ्यानं साहेबांच्या हातातली फाईल उघडली, दोन कागद उडून रस्त्यावर गेले, ते आणायला कोण जाणार? रोशनी साहेबांच्या पायाला चिकटून उभी होती. मी मेंबरबिंबर सगळं विसरले. माझं सगळं लक्ष त्या एका हाताकडे.

साहेब ओरडून म्हणाले, चला, परत जाऊ.

"परत जायला पण रस्ताच ओलांडायचा आहे, साहेब," वहिनी म्हणाली.

बऱ्याच वेळानं फट मिळाली, आम्ही पलीकडे पोचलो. मोठ्या शाळेची घंटा केव्हाच होऊन गेली होती. साहेब पायरीवर बसले, पाणी प्यायले, आणि ड्रायव्हरला फोन लावून जीप इकडे आणायला सांगितली. जीपला लांबून वळून यावं लागलं, तोवर आम्ही सगळे पायरीवरच बसलो. रोशनीचा हात अजून साहेबांच्याच हातात होता.

जीप आली. साहेब म्हणाले, "मुलींना आत बसवा. पायी नको. मी सोडतो घरी."

वहिनीनं नातीला वर चढवलं. रोशनीला चढवलं. दार लावलं, आणि स्वतः खालीच उभी राहून विचारलं,

"उद्या किती वाजता येताय?"