एकशेवीस अंशांचा कोन

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आता तुम्हाला सांगायला बसलोय तर भ्याव वाटतंय — पन्नाशीला आलेल्या गणिताच्या मास्तरला कशाचं आलंय भ्याव? पण आहे. लई आहे.

चौसाळ्याकडच्या एका कॉलेजात मी अकरावी-बारावीला शिकवतो. भीती वाटते ती एका धड्याची — कोसाइनचा नियम. त्रिकोणाच्या दोन बाजू आणि त्यांच्या मधला कोन माहीत असला की तिसरी बाजू काढता येते. एवढंच. मग तो धडा जवळ आला की माझी झोप कावून उडावी?

सांगतो. जरा दमानं घ्या.

अश्विनी नावाची पोरगी होती. आई-बाप ऊसतोडीला, ही मावशीकडं राहून शिकायची. इंजिनिअर व्हायचं म्हणायची. त्या दिवशी मी फळ्यावर त्रिकोण काढला — बाजू पाच आणि तीन, मधला कोन एकशेवीस अंश. झपाझपा सोडवलं. तिसरी बाजू आली साडेचारच्या आत. आणि ही उभी राहिली.

"सर, सगळ्यात मोठ्या कोनासमोरची बाजू सगळ्यात मोठी पायजे ना? मग ही पाचापेक्षा ल्हान कावून आली?"

बरोबर होतं तिचं. मी चुकलो होतो — पण कुठं? फळ्याकडं बघतोय तर आकडेच दिसेनात. सगळा वर्ग माझ्याकडं बघत होता. ‘थांब, बघू या’ एवढं म्हणायला काय लागत होतं? पण मी — हसलो. तिची नक्कल करत म्हणालो, "कावून? आधी मराठी बोलायला शीक, मग गणिताचं बघू."

पोरं खो खो हसली. मी फळा पुसून टाकला.

मी स्वतः याच भागातल्या नांदूरघाटचा. आईशी बोलताना माझ्याही तोंडात ‘का’च्या जागी ‘कावून’च असतं.

चूक मला स्टाफरूमला पोचायच्या आत सापडली. एकशेवीस अंशांची कोसाइन उणे असते, आणि उणे उणे अधिक — उत्तर सात. दुसऱ्या दिवशी सांगता आलं नसतं? आलं असतं. पण सर चुकतात हे एकदा कळलं की पोरं रोज फाडून खातील, या धास्तीनं गप्प बसलो. पोरांनी तिचं नावच ‘कावून’ ठेवलं. मी ऐकत होतो, आणि खरं सांगू — मला बरंच वाटत होतं. तिनं पुन्हा हात वर केला नाही.

दिवाळीनंतर ती आई-बापाबरोबर ऊसतोडीला गेली. मावशी बाजारात भेटली. "पोरगीच म्हणली, मावशे, मला गणित येत न्हाई. मग ठिवून तरी काय करायचं, सर?" मी नुसती मान हलवली. येतं तिला, माझ्यापेक्षा चांगलं येतं — एवढं बोलायची छाती झाली नाही.

यंदा तिची धाकटी बहीण माझ्या वर्गात आहे. पहिल्याच बाकावर बसते, टक लावून फळ्याकडं बघते. परवा तो धडा आला. नव्वदपेक्षा मोठा कोन मी घेतलाच नाही. असलं गणित परीक्षेला येत नाही, म्हणालो.

येतं.