चरबीचे निरोप

नवी पेशंट समोर बसली की बाई आधी स्वतःच्या कमरेवरची वळी चिमटीत धरायच्या. "हिला नुसती चरबी समजू नका. हे ऑफिस आहे. आणि दुपारी एक ते चार बंद नसतं."

शनिवार पेठेतल्या एका टेस्ट ट्यूब बेबी सेंटरमध्ये त्या आहारतज्ज्ञ होत्या. अशा बाई तुम्हीही पाहिल्या असतील, समजूत घालतानासुद्धा रागावल्यासारख्या वाटतात. मी खराडीहून अर्धी रजा टाकून जायचे. आधीच्या प्रयत्नातला आमचा एकच गर्भ गोठवून ठेवलेला होता. तो राहिला नाही तर पुन्हा या वाटेला जायचं नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं.

अंगात साठा किती आहे, याचा निरोप चरबी मेंदूला पाठवते. लेप्टिन नावाचं संप्रेरक तो नेतं आणि मेंदू त्यावरून पाळीचं ठरवतो. "तुमच्याकडून निरोप फार जातात," बाई म्हणाल्या. "फॅमिली ग्रुपवरच्या सुप्रभातसारखे. मेंदूनं वाचणं सोडलंय. सहा किलो कमी करा."

मी हुशार. तीन महिन्यांत चौदा किलो उतरवले. ऑफिसात कौतुक झालं, सासूबाईंनी दृष्ट काढली आणि पाळी बंद झाली.

बाईंनी आधी काटा पाहिला, मग मला. "सहा सांगितले होते ना?"

"जास्त केले तर जास्त उपयोग होईल, असं वाटलं."

"आता चरबीनं दुष्काळ जाहीर केलाय. दुष्काळात कुणी पाहुणे बोलावत नाही." त्यांनी कागदावर वरण, भात, तूप असं लिहिलं आणि तुपाखाली दोन रेघा मारल्या.

चार महिन्यांनी पाळी आली. मी आनंदानं फोन केला. "बरं," त्या म्हणाल्या. "पेढे वाटू नका."

पुढच्या महिन्यात गर्भ आत सोडला. दोन आठवड्यांनी रक्ताचा रिपोर्ट आला. राहिला नव्हता.

मी डॉक्टरांकडून निघाले ती थेट बाईंच्या खोलीत शिरले. "त्या चौदा किलोंमुळेच झालं ना? माझंच चुकलं."

एरवी प्रत्येक गोष्टीचं खापर चरबीवर फोडणाऱ्या बाईंनी पेन खाली ठेवलं. "नाही. चरबीमुळे नाही आणि तुमच्यामुळेही नाही. कधीकधी राहत नाही. का, ते आम्हालाही कळत नाही. घरी कुणी वेगळं बोललं तर माझ्याकडे पाठवा."

मला रडू फुटलं. त्या टेबलाला वळसा घालून आल्या आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. त्या घटकेला मला त्यांच्याइतकं जवळचं कुणी नव्हतं.

पुढची पेशंट दारातून दोनदा डोकावली. "बाहेर बसा," बाई म्हणाल्या आणि माझा हात धरून तशाच बसून राहिल्या.