विश्वचषकाचं वर्ष आणि आमचे नगरसेवक

मी नागपुरात वस्तीतल्या मुलींना कबड्डी शिकवते. आमचं मैदान मातीचं, दगड वेचून आणि पाणी मारून आम्हीच मऊ केलेलं. त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर पुरुषांच्या क्रिकेटमधल्या एका मोठ्या स्पर्धेचा अंतिम सामना होता, आणि आमच्या नगरसेवकांना तो मैदानावर मोठ्या पडद्यावर दाखवायचा होता. महापालिकेची निवडणूक लांबत गेल्याने ते खरं तर माजी झाले होते, पण हुकूम चालायचा त्यांचाच. पडद्याचा ट्रक रुतू नये म्हणून त्यांनी आमच्या मैदानावर टोकदार दगडांची गिट्टी ओतली.

मी त्यांच्या कार्यालयात गेले. खोली माणसांनी भरलेली.

“सामना झाला की गिट्टी उचलून द्या, भाऊ. पोरींची स्पर्धा आहे.”

“कोण पाहून राहिलं बाई तुमची कबड्डी? पोरीइले पोळ्या लाटणं शिकवा, कामी येईन.”

सगळी खोली हसली.

देश जिंकला, फटाके फुटले, गिट्टी तशीच राहिली. आम्ही हातांनी वेचली, तरी उरलीच. सरावात माझ्या संघातली सगळ्यात चपळ मुलगी त्या गिट्टीवर घसरली आणि गुडघा कायमचा गेला. बुटीबोरीच्या कारखान्यात राबणाऱ्या तिच्या वडिलांनी तिचं मैदानावर येणंच बंद केलं. तेव्हापासून देवापुढे हात जोडले की मी त्या नगरसेवकांचं वाटोळं मागायची. दुसरं काही सुचतच नसे.

दिवाळी सरली आणि देशाच्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. मी टीव्हीसमोर रडले. सकाळी चौकात फलक होता, ‘लेकींचा अभिमान’. खेळाडू कोपऱ्यात बारीक, नगरसेवकांचा चेहरा हा एवढा मोठा. निवडणूक तोंडावर आली होती ना! त्यांचा फोनही आला.

“बाई, तुमच्या पोरी घेऊन या. सत्कार करू.”

“आणते की, भाऊ.” इतकं गोड मी नवऱ्याशीही कधी बोलले नाही.

मी आधी त्या मुलीच्या घरी गेले. वडील नाहीच म्हणत होते. माझ्या मनात काय आहे ते सांगितल्यावर स्वतःच तिला घेऊन आले.

मंचावर माईक हातात आला. “भाऊंनी आम्हाला एक सल्ला दिला होता,” मी म्हणाले आणि त्यांचं ते वाक्य त्यांच्याच हेलात म्हणून दाखवलं. मुलीने पायजमा वर करून गुडघा दाखवला. “हे यांच्या गिट्टीनं झालं.”

मग पुढच्या रांगेतली एक आजी उठली. “काहून गा, आता कोणत्या तोंडानं सत्कार करून राहिला?”

ते माईककडे झेपावले. मी तो सोडला नाही.

पुढे निवडणूक लागली तेव्हा मी मुलींना घरी ठेवलं आणि एकटीच दारोदार हिंडले. कुणाचा झेंडा घेतला नाही. दार उघडलं की तेच वाक्य ऐकवायचं आणि पुढचं घर गाठायचं.

ते पडले. मतमोजणीच्या दिवशी मी मुद्दाम केंद्राबाहेर जाऊन उभी राहिले. मला त्यांचं तोंड पाहायचं होतं. ते बाहेर आले तेव्हा सोबत फक्त ड्रायव्हर होता.

“झालं समाधान?” त्यांनी विचारलं.

“नाही,” मी म्हटलं. “पुढच्या वेळी पुन्हा उभे राहा. मी इथेच आहे.”

मग रस्ता ओलांडून टपरीवर गेले आणि पोहे मागवले, वर भरपूर तर्री. कित्येक महिन्यांनी तोंडाला चव आली.