तुटक्या शेपटीचा चिमणा

आमच्या घराण्यातला पहिला बी.एस्सी. मी. पदवीचा झगा घालून काढलेला फोटो मी ओटीवर देवांच्याही वर टांगला होता. साठ सालच्या आगेमागे, लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात, त्या फोटोमागं चिमण्यांनी घरटं केलं. काड्या माझ्या कपाळावर लोंबायच्या. बायको म्हणाली, "आसू द्या. संसार मांडलाय, मोडू न्हाई."

मी पौडच्या शाळेत शिकवत होतो, राहायला कासार आंबोलीला. बायकोचा आतेभाऊ नेऱ्याहून सायकलवर यायचा. आमच्याकडं मामाच्या मुलीवर पहिला हक्क भाच्याचा. सासऱ्यांनी तो मोडून शिकलेला जावई केला, म्हणजे मला. याचा तोरा मला होताच. तरी तो आला की मी ओटीवरून हलायचो नाही. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून मला ती नुसतं 'आवो' म्हणायची. त्याला मात्र परसातून अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी नावानं हाक. ते नाव तिच्या तोंडात गुळाच्या खड्यासारखं घोळायचं.

एका रविवारी तो ओटीवर बसला होता. घरट्यातला चिमणा काडी आणायला गेला, तशी चिमणी उडून वळचणीला बसली. तिथं तुटक्या शेपटीचा दुसराच चिमणा होता. पंख थरथरवत ती त्याच्यापुढं वाकली. तो तिच्या पाठीवर चढला, उतरला, पुन्हा चढला. मग काही झालंच नाही अशी ती घरट्यात परतली. मालक आला, चोचीत लांबलचक काडी.

आतेभाऊ मांडीवर थाप मारून हसला. "दाजी, चिमण्या जोडीनं ऱ्हात्यात म्हणून शिकवता न्हवं पोरांस्नी? ही काय तुमच्या साळंत आलेली दिसत न्हाई!"

आत भाकरी थापता थापता बायको खुदकन हसली. मी काठी घेऊन त्या तुटक्याला हाकललं. काठी खाली ठेवेपर्यंत तो परत वळचणीला.

आतेभाऊ गेल्यावर मी चुलीपाशी गेलो. म्हणालो, "माझं नाव घे."

"आगं बया! नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी हुतं."

"मग त्याचं बरं घेतेस?"

तिनं भाकरी उलटली. "त्याच्या आयुष्याचं मला काय करायचंय?"

झालं. पुढचा आठवडाभर मी ताठ मानेनं फिरलो. फोटोमागच्या चिमण्याकडं बघून मला त्याची कीवसुद्धा आली.

पुढच्या रविवारी सायकलची घंटा वाजली. चिमणीनं अंडी घातली होती, चिमण्यांचा कलकलाट चालला होता. बायको पदर सावरत दारात आली. मी नावाची वाट बघत होतो.

"आरं, ये की," ती म्हणाली. नुसतंच.

त्या दिवशी तिनं त्याचं नाव एकदाही घेतलं नाही. संध्याकाळी तो निघाला तेव्हाही नाही.

नावानं आयुष्य कमी हुतं, हे तिचं बोलणं मला आठवलं आणि मी काठी घेऊन वळचणीखाली जाऊन उभा राहिलो.