उभा ठेवलेला धैंचा

चुन्यानं रंगवलेले दगड दिसले की मला आजही शिसारी येते. कुणीतरी मोठा माणूस येणार, म्हणून वाटेच्या दोन्ही कडांना ओळीनं मांडलेले, चुना अजून ओला. दगडांचा काय दोष, असं कुणी म्हणेल. दोष नाहीच. पण राग कुठंतरी निघायला हवा, तो दगडांवर निघतो.

नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत मी बनारसच्या एका संस्थेत प्रशिक्षिका होते. शेतीतली पदवी तिथल्याच विद्यापीठाची, घर ब्रह्मा घाटावर. बाबा वेदपाठशाळेत शिकवायचे, आई घर आणि सोवळं सांभाळायची, आणि मी सकाळी गल्ल्या ओलांडून मैदागिनला संस्थेची जीप पकडायची. जौनपूर रस्त्यावरच्या गावांत जाऊन लोकांना ऊसर जमीन सुधारायला शिकवणं, हे माझं काम.

ऊसर म्हणजे महाराष्ट्रात जिला चोपण म्हणतात ती. उन्हाळ्यात तिच्यावर पांढरी पूड फुलते, पावसात पाणी वरच तुंबून राहतं, आणि ते आटलं की जमीन फरशीसारखी टणक होते. गावातल्या भूमिहीनांना सरकारनं पट्टे वाटले ते याच जमिनीचे. चांगली जमीन कोण वाटतो? कागदावर मालक झालेली ही माणसं पहिल्यासारखीच दुसऱ्यांच्या शेतात राबत होती, आणि कार्तिकात कुटुंबच्या कुटुंबं उचलून वीटभट्टीवर जात होती.

ही जमीन सुधारते, हे खरं आहे. बांध घालायचा, जमीन सपाट करायची, जिप्सम पसरायचं, पाणी कोंडून क्षार खाली जिरवायचे. मग उन्हाळ्याच्या शेवटी धैंचा पेरायचा. धैंचा हे खायचं पीक नव्हे. तो भराभर वाढवायचा आणि कोवळा असतानाच नांगरून जमिनीत गाडायचा. तो कुजतो, माती मोकळी होते, आणि त्याच चिखलात भाताची रोपं लावायची. सगळी मेख ‘कोवळा असताना’ यात आहे. साधारण पंचेचाळीस दिवस. मी बायकांना एक खूण शिकवली होती. खोड बोटांनी वाकवायचं, मुकाट वाकलं तर वेळ आहे, कट्‌कन मोडलं तर वेळ गेली.

शिकवण्याच्या त्या सभा आठवल्या तरी जीव विटतो. गावकरी सतरंजीवर, आम्ही खुर्च्यांवर. फळ्यावर ‘सहभागिता’ लिहिलेलं. चहाचे कप आमच्यासाठी वेगळे, जीपमधून आणलेले. शेवटी हजेरीचे अंगठे. माझा एक सहकारी एकेका बाईचं मनगट धरून तिचा अंगठा शाईवर दाबायचा आणि सभा संपली की हातपंपावर साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचा. शेणाला हात लावल्यावर नाही धुवायचा इतके. मी त्याला कधी काही बोलले नाही. मला नोकरी टिकवायची होती, आणि खरं सांगायचं तर संध्याकाळी घरी गेल्यावर आई मला गल्लीतच थांबवून पायांवर पाणी ओतायची, तेव्हा मीही मुकाट उभी राहायचेच.

त्यातल्या एका गावात एक बाई होती, माझ्या आईच्या वयाची. मी तिला काकी म्हणायचे, ती मला बिटिया. नवरा वारलेला, घरात एक मुलगा आणि सून. पट्ट्याचा एक बिघा तुकडा, अगदी डांबरी रस्त्याला लागून. सभेत ती कधी बोलली नाही, पण शिकवलेलं सगळं तिनं केलं. बांध असा घातला की गावातल्या पुरुषांनी येऊन पाहिला. पहिल्या वर्षी जिप्सम झालं, थोडा भात झाला, तुरळक, पण झाला. दुसऱ्या वर्षी तिनं धैंचा पेरला तेव्हा सुनेला दिवस गेले होते.

सुनेचं पहिलं मूल भट्टीवरच झालं होतं आणि भट्टीवरच गेलं. काकीनं हे मला एकदाच सांगितलं, बांधावर बसून, पायाची बोटं मातीत रोवून. या साली घरात माघापर्यंत पुरेल एवढा भात झाला, तर मुलगा एकटा भट्टीवर जाईल आणि सून तिच्यापाशी राहील, बाळंतपण घरी होईल. तिचा सगळा हिशेब एवढाच होता. तिनं तो मला सांगितला म्हणून मला अभिमान वाटला, हे आता आठवून स्वतःचीच लाज वाटते.

धैंचा सुंदर आला. रस्त्याकडेचा तो तुकडा, जिथं दोन वर्षांपूर्वी गवताची काडी नव्हती, तो कमरेपर्यंत हिरवागार झाला. आणि तिथंच घात झाला, कारण तो रस्त्यावरून दिसत होता. ज्या खात्याकडून आमच्या संस्थेला काम मिळायचं, तिथले एक वरचे साहेब पाहणीला येणार होते. मूळचे पुण्याकडचे, दिल्लीत बसणारे. त्यांना श्रावणी सोमवारी विश्वनाथाला अभिषेक करायचा होता, त्याला जोडून पाहणी. आमच्या संचालकांनी सावनचा पहिला सोमवार धरला. तो बरोबर काकीच्या धैंचाचा पंचेचाळिसावा दिवस होता. सकाळी पाहुणे बघून जातील, दुपारी ट्रॅक्टर घालू. मला यात काही वावगं दिसलं नाही.

सोमवारच्या आदल्या आठवड्यात साहेबांचा फोन आला. त्यांचं म्हणणं, श्रावण अजून लागलाच नाही. आता उत्तरेकडे पौर्णिमेनंतर महिना लागतो आणि आपल्याकडे अमावास्येनंतर, हे बनारसच्या मराठी घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आमच्याकडे पुढे पंधरा दिवसांनी आपले सोमवार सुरू व्हायचे आणि शेजारी हसायचे. साहेबांनाही ते ठाऊक होतं. पण अभिषेक आपल्याच श्रावणात हवा, असा त्यांचा आग्रह होता. संचालकांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला. ‘तुमचेच आहेत, तुम्ही समजवा,’ म्हणाले.

मला सगळं माहीत होतं. पंधरा दिवसांनी धैंचाचं काय होतं, ते मीच फळ्यावर लिहीत होते. पण पलीकडून स्वच्छ, शुद्ध मराठी आली. ‘ब्रह्मा घाटावरच्या का तुम्ही? वा. मग तुम्हाला सांगायला नकोच.’ आणि मी विरघळले. संस्थेत वर्षानुवर्षं हिंदीत ‘जी सर’ करणारी मी, एका मोठ्या साहेबाशी घरच्या भाषेत बोलत होते आणि आख्खं ऑफिस बघत होतं. ‘हो सर, अगदी बरोबर आहे,’ मी म्हणाले, ‘आपला श्रावण अमावास्येनंतरच. तेव्हाच या. आईच्या हातची साबुदाण्याची खिचडी खाऊन जा.’ हे असं मी म्हणाले. कुणी माझ्या मानेवर पाय दिला नव्हता.

पंचेचाळिसाव्या दिवशी गावात ट्रॅक्टर गेला. आतल्या बाजूची सगळी शेतं त्यानं नांगरली, कारण ती रस्त्यावरून दिसत नव्हती. काकीच्या बांधाशी येऊन ड्रायव्हरनं माझ्याकडे बघितलं. काकी पदर खोचून उभी होती.

‘बिटिया, आज पैंतालीसवाँ दिन ह,’ ती म्हणाली.

‘काकी, पंधरा दिवस थांबू या. साहेब येताहेत. तुझंच शेत दाखवायचंय.’

तिनं एक खोड वाकवून दाखवलं. ते कमानीसारखं वाकलं आणि सोडल्यावर परत सरळ झालं. मग तिनं खोड पुन्हा एकदा वाकवलं, मला नीट दिसलं नसेल म्हणून. मी म्हणाले, ‘कळतंय गं. पण ट्रॅक्टर आज नाही.’ तिच्याकडे बैल नव्हते. ट्रॅक्टर आमचा होता. तिच्या भाताची रोपं एका कोपऱ्यात तयार होऊन उभी होती, त्यांच्याकडे मी पाहिलं नाही.

त्या पंधरा दिवसांत मी दोनदा गावात गेले आणि दोन्ही वेळा दुसऱ्या बाजूनं गेले. तिसऱ्यांदा गाठ पडली. तिनं माझ्यासमोर खोड वाकवलं आणि ते मोडलं. ‘ई त लकड़ी हो गइल,’ ती म्हणाली. मी तिला सांगितलं की जरा जास्त दिवस कुजायला लागतील, एवढंच. शिकलेला माणूस किती सफाईनं खोटं बोलतो.

मग तो सोमवार उजाडला. दगड रंगवले गेले. बांधावर लाल कापड अंथरलं, म्हणजे साहेबांच्या बुटांना चिखल लागू नये. आईनं पहाटे स्नान करून सोवळ्यात खिचडी केली, वऱ्याचे तांदूळ केले, दाण्याची आमटी केली. ‘आपल्यातला माणूस आहे, नीट वाढ हो,’ तिनं बजावलं. मी ते डबे मांडीवर धरून जीपमधून तीस किलोमीटर नेले. साहेब कपाळाला भस्म लावून आले, सभ्य, हसतमुख, अंगाला चंदनाचा वास. वाईट माणूस असता तर मला सोपं गेलं असतं.

धैंचा तोवर डोक्याच्या वर गेला होता आणि त्याला पिवळी फुलं आली होती. फूल येणं म्हणजे सगळं संपलं, हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येक बाईला कळत होतं. मीच शिकवलं होतं. साहेब फुलांवर खूश झाले. ‘काय सुरेख. ही जमीन उजाड होती म्हणता?’ संचालकांनी काकीला शेतात उभं राहायला सांगितलं, फोटोसाठी. ती आत गेली आणि दिसेनाशी झाली, एवढी ती झाडं उंच. फोटोग्राफर ओरडला, हाथ ऊपर करो. हिरव्यातून एक हात वर आला. त्या हाताचा फोटो काढून झाल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मीही वाजवल्या.

साहेबांनी शाळेच्या व्हरांड्यात बसून खिचडी खाल्ली. दाण्याचं कूट अगदी पुण्यासारखं पडलंय म्हणाले. मी मागं जाऊन शाळेच्या भिंतीशी ओकले. उपासाचं पित्त झालं असेल, असं सहकाऱ्यानं सगळ्यांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर आला. खोडं नांगराला गुंडाळली जाऊ लागली, ड्रायव्हर दर फेरीला उतरून कोयत्यानं ती तोडायचा आणि शिव्या द्यायचा. अर्धी खोडं चिखलातून वर टोकं काढून राहिली. त्यातच काकी आणि सून वाकून रोपं लावत होत्या. रोपं म्हातारी झालेली, त्यांना गाठी आलेल्या. टोकं लागून दोघींच्या पोटऱ्या ओरबाडल्या होत्या. मी बांधावर उभी राहून म्हणाले, ओळी जरा जवळ लावा. एवढंच माझ्याजवळ उरलं होतं शिकवायला.

आतल्या शेतांचा भात छान झाला. भादव्यात ती शेतं काळपट हिरवी दिसत होती आणि रस्त्याकडेचा तुकडा पिवळा. रोपं धड मेली नाहीत, धड वाढली नाहीत. आश्विनात लोंब्या आल्या त्या चिमटीत दाबल्या की दबायच्या, आत दाणा नाही. संस्थेच्या वार्षिक अहवालावर मुखपृष्ठ आलं ते हिरव्या शेताचं, मधून वर आलेल्या एका हाताचं. खाली लिहिलं होतं, ‘आत्मनिर्भरतेकडे’. मी तो अहवाल घरी नेला नाही.

कार्तिकात मी गावात गेले ती मुद्दाम सकाळी, कारण भट्टीवर नेणारी ट्रॅक्टरची ट्रॉली सकाळी निघते हे मला माहीत होतं. काकीच्या दाराशी बोचकी बांधलेली होती. ती एक वळकटी दोरीनं आवळत होती. मी रडेन अशी भीती होती, तसं काही झालं नाही. मी विचारलं, भात किती झाला. तिनं ओट्यावरचं सूप दाखवलं. सुपात होता तेवढाच.

मी म्हणाले, ‘काकी, चूक माझी होती.’

ती गोंधळून माझ्याकडे बघत राहिली, जणू मी भलतंच काही बोलले होते. मग तिला आठवलं, काहीतरी विचारायचं राहिलं होतं. वळकटी सोडून ती जवळ आली. आता ती मला बिटिया म्हणत नव्हती.

‘बहिनजी, अगिला साल साहेब कब अइहें, पहिलहीं बता दीह. हम ओही हिसाब से बोअब.’

पुढच्या वर्षी साहेब कधी येणार ते आधी सांग, त्या हिशेबानं पेरीन. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी तो उराशी धरून बसले असते. ती खरंच विचारत होती. दोन वर्षं मन लावून शिकली होती आणि शेवटी जे कळलं ते नीट पक्कं करून घेत होती. मी मान डोलावली.

मुलानं बोचकी ट्रॉलीत फेकली. सुनेला सातवा महिना होता. तिला वर चढता येईना, तेव्हा काकीनं खाली बसून आपला खांदा पुढे केला आणि सून त्या खांद्यावर पाय ठेवून ट्रॉलीत चढली.