ओटिलियाचा नव्वदावा दिवस

सहा वांगी भाजून सोलून झाली होती, चौदा तशीच परातीत पडली होती. तेवढ्यात दार न वाजवताच सेप्टिमिऊ आत शिरला.

ओटिलिया बाकाऊच्या नगर वाचनालयातले नऊ संगणक सांभाळायची. सेप्टिमिऊच्या लग्नात त्याच्या डोक्यावर मुकुट धरणारी धर्ममाता तीच झालेली. आता तो व्हीपीएनची, म्हणजे इंटरनेटवरची ये-जा झाकणाऱ्या प्रोग्रॅमची, कंपनी चालवत होता, आणि वाचनालयातल्या संगणकांवर बसवलेल्या त्याच्याच व्हीपीएनमधलं भोक तिनं शोधून काढलं होतं. संगणक सुरू झाला की ते व्हीपीएन एका फोल्डरमधली फाईल अ‍ॅडमिनच्या हक्कानं चालवायचं. कंपनीतल्या चाचणीवाल्यांना परवानग्यांची कटकट नको म्हणून तो फोल्डर सगळ्यांना उघडा ठेवलेला. विकताना बंद करायचं राहूनच गेलं. वाचनालयात टेकायला आलेला कोणीही तिथं आपली फाईल ठेवून अख्ख्या संगणकाचा मालक झाला असता. तिनं या कामातल्या रिवाजाप्रमाणे कंपनीला गुपचूप कळवलं, दुरुस्तीला नव्वद दिवस दिले; त्यानंतर ती ते जाहीर करणार होती. आज नव्वदावा होता आणि फोल्डर उघडाच होता.

"वांगी भाजताय? उपास वाटतं, धर्ममाते?"

"बुधवार आहे. तेल वर्ज्य. तुझ्या जिभेवर मात्र भरपूर दिसतंय."

तो हसला नाही. "आधी संगणकासमोर येऊन बसावं लागतं. बाहेरून कोणी घुसत नाही. ह्याला तुम्ही भोक म्हणता?"

"मग तुझ्या ऑफिसच्या झाडूवाल्याला तिजोरीची किल्ली दे. तोही आतलाच."

"जाहीर केलंत तर वकील अंगावर सोडीन."

"सोड की! नव्वद दिवसांत एक माणूस त्या फोल्डरवर सोडला असतास, तर हे तोंड घेऊन आला नसतास."

त्याचं अहोजाहो तिथंच गळून पडलं. "माझ्या डोक्यावर मुकुट धरलास, आणि आता गळाच धरतेस?"

"देवासमोर तुला सांभाळीन म्हटलं होतं. तुझी लबाडी झाकीन म्हटलं नव्हतं."

"मग ऐक. मार्चमध्ये बाळ येतंय. बाप्तिस्म्याला ते तुझ्या हातात द्यायचं नाही. दुसरी बाई बघतो."

पहिलं मूल लग्नातल्या धर्ममातेनंच हातात घ्यायचं, हा तिथला रिवाज. ओटिलियाला स्वतःचं मूल नव्हतं.

"बघ," ती म्हणाली. "आणि जाताना दार लाव. तुला उघडं टाकायची सवय आहे."

तो गेल्यावर तिनं हात धुतले, छातीवर क्रुसाची खूण केली आणि भोकाबद्दलचं निवेदन संध्याकाळी सहा वाजता आपोआप जाहीर होईल अशी वेळ संगणकावर लावली. भोकाची वाट मग चोरांनाही कळणार होती. त्याआधी वाचनालयात जाऊन नऊही संगणकांवरून ते व्हीपीएन काढून टाकायचं होतं.