‘नाय’चं ‘नाही’ केलं

पनवेलजवळ, पळस्प्याच्या पुढे एका गोदामात आमचा सिनेमा झाला. मिठागरावरच्या कुटुंबाची शेळी चुकून कंटेनरमध्ये कोंडली जाते आणि आई, बाप, पोरं होडी घेऊन थेट न्हावा शेवा बंदरापर्यंत तिच्यामागे जातात, अशी गोष्ट. माणसं सगळी बाहुल्यांची. बाहुली जराशी हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा हलवायची. माझ्याकडे तोंडं होती. बोलताना ओठ जसे होतात तशी तोंडं करून ठेवायची आणि आवाज ऐकत ऐकत एकेक बाहुलीला बसवायची. आधी आवाज, मग तोंड, हा या कामाचा नियम.

त्यातल्या आईला आवाज माझ्या आईने दिला. दिग्दर्शक मुंबईचे. "अस्सल इथलीच बोली हवी," म्हणत स्वतः आमच्या घरी आले, सुकट-भाकरी हाणली. आई माइकसमोर आधी घाबरली. मग अशी काही खणखणीत ओरडली, "नाय! मी मागं नाय फिरायची!" की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून ती गावभर सांगत सुटली, सिनेमात माझा आवाज हाय.

त्या ‘नाय’साठी मी जीव ओतला. तोंड उघडतं, ताणतं आणि फट्कन मिटतं. अगदी तिच्यासारखं.

चित्रण संपल्यावर साहेबांना साक्षात्कार झाला. "बोली गोड आहे हो, पण फॅमिली फिल्म आहे ना. मुलांना कळायला हवं." कपाळ माझं! बोलणारी शेळी मुलांना कळते आणि ‘नाय’ कळत नाही? मी भांडले. तोंडं जुळणार नाहीत म्हटलं. "तोंडाकडे कोण बघतंय," म्हणाले. एका नटीकडून आईचं सगळं शुद्ध मराठीत बोलून घेतलं. गरज सरो, वैद्य मरो. वर मला म्हणतात, "आईंना तुम्हीच सांगा हं." मेल्यांना तेवढीही लाज नाही.

मी घरी सांगितलं. आईला पटेना. "थोडा तरी ठेवला असंल ना गो," म्हणाली आणि मावशीला घेऊन, गजरा माळून पनवेलच्या मॉलमध्ये सिनेमाला आली.

पडद्यावर तिची बाहुली होडीत उभी राहिली. "नाही! मी मागे फिरणार नाही!" ‘ना’ म्हणून तोंड मिटलं आणि ‘ही’ मागून एकटाच आला. मावशीने विचारलं, "गो, तुजा आवाज कवा येनार?"

पुढच्या प्रसंगात बाहुलीने तोंड उघडलं आणि माझ्या शेजारून हळूच आवाज आला. आई आपली वाक्यं म्हणत होती. तिला सगळी पाठ होती. प्रत्येक शब्द त्या तोंडात चपखल बसत होता.

पुढच्या रांगेतली बाई मागे वळली. "शूऽऽ काकू, आवाज नका ना करू. मुलांना ऐकू येत नाहीये."

आई गप्प झाली.